बांध नसलेलं शिवार

लॅक्स्टनला पहिल्यांदा गेले तेव्हा गावाबाहेरच्या चढावर गाडी थांबवून मी बराच वेळ नुसती उभी राहिले. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते चटकन कळेना. मग लक्षात आलं, समोर कुंपणच नव्हतं. नॉटिंगहॅमला राहायला येऊन मला तोवर सहा वर्षं झाली होती. इंग्लंडच्या खेड्यातली ती काटेरी झुडपांची जिवंत कुंपणं, त्यांनी आखलेले हिरवे चौकोन, प्रत्येक चौकोनाला एक फाटक, हे सगळं डोळ्यांच्या सवयीचं झालं होतं. इथं मात्र टेकाडाच्या माथ्यापासून खालच्या ओढ्यापर्यंत एकच मोकळं शिवार पसरलं होतं. कुठं नुकता उगवलेला गहू, कुठं अजून तपकिरी रान, आणि रंग बदलतो तिथं ना कुंपण, ना तार. आमच्या इंदापूर तालुक्यात निदान बांध तरी असतो. इथं तोही नव्हता.

हे गाव नॉटिंगहॅमशर परगण्यात, न्यूअर्क आणि ऑलर्टनच्या मधे, शेरवूडच्या जंगलाच्या पूर्वेला आहे. शेरवूडखालची जमीन वाळूची, हलकी. पूर्वेकडे सरकलं की ती बदलते आणि लाल, चिवट, पाणी धरून ठेवणारी चिकणमाती सुरू होते. पावसाळी दिवशी तिथं चालले तर प्रत्येक पावलागणिक बूट जड होत गेला. आमच्याकडची काळी जमीन अशीच पायाला धरते. अशा रानाला वाफसा यायची वाट बघावी लागते. ओली असताना नांगर घातला की ढेकळं दगडासारखी होतात, आणि पार वाळली की नांगर लागत नाही. मधले जे थोडे दिवस मिळतात त्यात सगळ्या गावाची नांगरट उरकायची. या मातीनंच लॅक्स्टनच्या माणसांना एकमेकांशी बांधून ठेवलं, असं मला फार वाटतं.

असल्या चिवट रानात त्या काळी एका नांगराला आठ बैल जुंपत. एका घरात आठ बैल कुठून असणार? म्हणून चार घरांनी आपापले बैल आणायचे आणि एकत्र नांगर धरायचा. हे वाचलं आणि माझ्या तोंडातून आपसूक शब्द आला, इर्जिक. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, लहानपणापर्यंत आमच्याकडे इर्जिक घालत. ज्याच्या रानात काम त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. लॅक्स्टनच्या शेताचा आकारही या बैलांनीच ठरवलाय. आठ बैलांची रांग वळवणं म्हणजे मोठं काम, म्हणून नांगराचं तास जितकं लांब तितकं बरं. तासाच्या त्या लांबीवरूनच इंग्रजीतला फर्लांग आला, म्हणजे २२० यार्ड. तासाच्या टोकाला पोहोचण्याआधीच बैल वळायला लागत, त्यामुळे जुने पट्टे सरळ नाहीत, किंचित बाक घेतलेले आहेत. बैल जाऊन कित्येक पिढ्या झाल्या, तरी त्यांच्या वळण्याची खूण जमिनीत राहिली आहे.

गावची रीत समजायला सोपी आहे. तीन मोठी शेतं: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. तिन्ही लांब पट्ट्यांमध्ये विभागलेली, आणि प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्हींत विखुरलेले. यंदा एका शेतात सगळ्यांचा हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी पाळी एक घर पुढं सरकते. पूर्वी काढणी झाली की साऱ्या गावाची गुरं-मेंढरं त्या खोडव्यावर सुटत. माझा पट्टा माझा आहे, पण त्यात काय आणि कधी पेरायचं हे एकट्यानं ठरवायचं नाही, कारण शेजाऱ्याचा पट्टा लागूनच आहे आणि मधे अडवायला काही नाही. पट्टे विखुरण्यामागचा विचारही सरळ होता. चांगली, पाणथळ, उताराची, गावाजवळची, लांबची, सगळ्या प्रतीची जमीन थोडी थोडी प्रत्येकाच्या वाट्याला यावी.

मध्ययुगात मध्य इंग्लंडमधली कितीतरी गावं अशीच होती. नंतर कुंपणं आली. १६०४ ते १९१४ या काळात तिथल्या संसदेनं कुंपण घालण्याचे ५,२०० हून जास्त कायदे केले आणि ६८ लाख एकरांच्या आसपास जमीन त्यांच्याखाली गेली. पट्टे एकत्र करून ज्याचे त्याला चौकोन मिळाले, गायरानं वाटली गेली, आणि ज्यांच्याजवळ कागद नव्हता, फक्त एक गाय चारायची वहिवाट होती, त्यांच्या हाती काही उरलं नाही. हा इतिहास वाचताना मला राग येतो. आपल्याकडे गायरानावरून जे जे होतं ते बघितलेल्या माणसाला तो येणारच.

लॅक्स्टनमध्येही अठराव्या शतकात थोडी जमीन कुंपणाखाली गेली. पण पुढं गाडं अडलं. गावात मोठी जमीन असलेली दोन घराणी होती, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो, आणि अदलाबदलीवर त्यांचं एकमत होईना, असं सांगतात. दोन जमीनदारांचं जमलं नाही म्हणून हे शिवार वाचलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्ट्यांची फेरमांडणी होऊन ते संख्येनं कमी आणि आकारानं मोठे झाले. १९५२ साली सरकारच्या शेती खात्यानं ही मालमत्ता विकत घेतली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली, आणि २०२० साली पुन्हा थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्सच्या वारसांकडे आली. मालक बदलत गेले, शेत कसणारे मात्र कुळंच राहिले.

गाव तसं एका फेरीत बघून होतं. सेंट मायकेलचं चर्च आहे. आत दगडात कोरलेले सरदार निजलेत आणि त्यांच्यात एक बाई आहे, ओक लाकडाची. साऱ्या नॉटिंगहॅमशरमध्ये मध्ययुगातली लाकडी समाधिमूर्ती ही एवढीच. चर्चच्या मागं शेतातून गेलं की गढी लागते. मी तिला गढीच म्हणते. फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन सरदारांनी मातीचा उंच ढीग रचून त्यावर बांधकाम केलं होतं. आता वर काहीच नाही, गवत आणि मेंढ्या तेवढ्या आहेत, पण पायथ्याचे खंदक अजून स्पष्ट दिसतात. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे राजानं करवून घेतलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदीत, गावाचं नाव आहे. तेव्हा ते जेफ्री आल्सेलिन नावाच्या नॉर्मनाकडे होतं आणि त्याच्याआधी टोकी नावाच्या माणसाकडे. टोकीचं पुढं काय झालं हे त्या नोंदीत लिहिलेलं नाही. गढीवर वारा खात उभी असताना मला जास्त करून त्याचीच आठवण येते.

मला सगळ्यात आवडतात ती इथली घरं. विटांची, लाल कौलांची, रस्त्याकडे अंग चोरून उभी असलेली, आणि मागं लांबलचक परडं, गोठे, कोठारं. इंग्लंडात कुंपणं आल्यावर बरेच शेतकरी आपापल्या चौकोनात घर बांधून राहायला गेले. आपण वस्तीवर राहायला गेलो म्हणतो ना, तेच. लॅक्स्टनमध्ये मात्र शेतकरी गावठाणातच राहिले. पट्टे तीन दिशांना असताना घर बांधणार तरी कुठं? त्यामुळे भर रस्त्यात अजून ट्रॅक्टर वळताना दिसतो आणि दारातून शेणाचा वास येतो. डव्हकोट इन या गावच्या पबपाशी एक लहान दगडी-विटांचं आवार आहे. ते काय असेल म्हणून वाचायला गेले तर कोंडवाडा! मोकाट गुरं धरून आत घालायची आणि दंड भरला की सोडायची. परदेशात एवढ्या वर्षांत मला इतकं माहेरचं काही भेटलं नव्हतं.

आता नकाशाबद्दल सांगते, कारण खरं तर मी त्याच्यासाठीच पुन्हा पुन्हा गेले.

१६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं साऱ्या लॅक्स्टनची मोजणी केली. मूळ नकाशा आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक पट्टा वेगळा काढलाय, दोन हजारांहून जास्त, आणि जोडीला एक वही, कुठला पट्टा कुणाचा आणि किती हे लिहिलेली. आपला गाव नकाशा आणि सातबारा एकत्र ठेवावा तसं. पण पिअर्सनं आणखी एक केलं. शेतात माणसं काढली. नांगर धरलेली, कापणी करणारी, कुत्री घेऊन शिकारीला निघालेली, नखाएवढी माणसं. मोजणीच्या कागदावर त्यांचं काही काम नव्हतं. तरीही त्यानं ती काढली, आणि त्यामुळे तो नकाशा बघताना ही जमीन कुणीतरी कसतंय हे क्षणभरही विसरता येत नाही.

ही मोजणी करवून घेतली सर विल्यम कोर्टीन यांनी. लंडनचे बडे व्यापारी, त्यांनी गाव विकत घेतलं होतं. हे नाव कुठंतरी वाचल्यासारखं वाटलं म्हणून शोधलं, तर त्याच १६३५ साली राजा पहिल्या चार्ल्सनं याच कोर्टीनना आणि त्यांच्या साथीदारांना पूर्वेकडे व्यापाराचा परवाना दिला होता, ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता बाजूला सारून. १६३६ मध्ये त्यांची जहाजं निघाली आणि गोव्याला लागली. पुढं कारवारला त्यांची वखारही झाली. कोर्टीन स्वतः मात्र १६३६ मध्येच वारले. एका बाजूला लॅक्स्टनच्या ओढ्याकाठचं गवत कुणाचं याची वही, दुसऱ्या बाजूला गोव्याकडे निघालेली गलबतं, आणि दोन्हीमागं एकच माणूस. नकाशा झाला त्या १६३५ साली शिवाजीराजे पाच वर्षांचे होते, आणि आमचा इंदापूर परगणा भोसल्यांच्या जहागिरीत होता.

इंदापूरचं नाव इथं उगीच घेत नाही. १८३५-३६ मध्ये, म्हणजे पिअर्सनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची आणि साऱ्याची नवी पद्धत सुरू केली ती इंदापूर तालुक्यातच. आमच्या सातबाऱ्यावरचा सर्वे नंबर त्या घराण्यातला आहे. आप्पा अजून शेत एकर-गुंठ्यातच सांगतात. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हा एकर मूळचा लॅक्स्टनसारख्या शेतांतला, एक फर्लांग लांब आणि बावीस यार्ड रुंद असा पट्टा. सकाळी जोडलेले बैल सोडेपर्यंत जेवढं नांगरून होईल तेवढं रान. मी त्या बांध नसलेल्या शिवाराच्या कडेला उभी होते आणि आमच्या वादातलं माप पायाखाली होतं.

वाद म्हणजे बांधाचाच. आप्पा आणि नाना, सख्खे भाऊ. आजोबा गेल्यावर वाटणी झाली आणि मधे सामायिक बांध राहिला. पहिली काही वर्षं बरी गेली. मग आप्पांना वाटलं, नाना बांध कोरतात. नानांना वाटलं, आप्पा रेटतात. बांधावर एक बाभूळ होती, ती एका उन्हाळ्यात तुटली, आणि कुणी तोडली यावरून बोलणं बंद झालं. मोजणी मागवली, ती एकाला पटली नाही. पुन्हा मोजणी. मग कोर्ट. अकरा वर्षं तारखा चालल्या. भांडण होतं सव्वादोन गुंठ्यांचं. नानांच्या मुलीच्या, आमच्या सुमाताईच्या लग्नाला आमच्या घरातून कुणी गेलं नाही. मी चौदा वर्षांची होते. मंडपातली सनई आमच्या ओसरीवर ऐकू येत होती आणि आई ज्वारी निवडत बसली होती. वर मानसुद्धा केली नाही तिनं.

म्हणूनच नोव्हेंबरच्या अखेरीस लॅक्स्टनची ज्युरी शेत बघायला निघते हे कळल्यावर मी रजा टाकली आणि गेले.

गावाचं अजून स्वतःचं न्यायालय आहे. त्याला कोर्ट लीट म्हणतात. एकेकाळी देशभर अशी न्यायालयं होती. १९७७ च्या कायद्यानं त्यांचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्स्टनचा अपवाद ठेवला, कारण इथं शेतीच त्यावर चालते. शेतकऱ्यांतूनच ज्युरी नेमतात. त्या वर्षी ज्या शेतात गहू पेरलाय ते शेत ही माणसं एका दिवशी पायाखाली घालतात. कुणाचा नांगर शेजारच्या पट्ट्यात गेला का, कुणी शेतातली वाट किंवा ओढ्याकाठची गवताची पट्टी नांगरली का, चर साफ आहेत का, हे बघतात. हद्दीवर खुंट्या ठोकतात. आठवड्यानं पबमध्ये कोर्ट भरतं, चुकलेल्यांची नावं वाचली जातात आणि लहानसा दंड होतो. मग नव्या ज्युरीची नेमणूक, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या शेताची पाळी.

मी रस्त्याच्या कडेनं, जरा लांबून बघत होते. बोचरं गार होतं. चिखलाचे बूट घातलेली माणसं एका हद्दीशी थांबली. एकानं पट्ट्याच्या एका टोकाशी जाऊन डोळा बारीक केला आणि लांबच्या टोकाकडे बघितलं. हातानं थोडं डावीकडे, आणखी थोडं, बस्स अशी खूण केली. दुसऱ्यानं खुंटी धरली, तिसऱ्यानं घाव घातला. ओल्या मातीत लाकूड शिरतानाचा तो दबका आवाज रस्त्यापर्यंत येत होता. ज्याच्या पट्ट्याची हद्द ठरत होती तो माणूस त्यांच्यातच होता, हे मला मागाहून कळलं.

ते पुढं गेल्यावर एक म्हातारे शेतकरी माझ्यापाशी आले. काय बघतेय म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझे वडील शेतकरी आहेत, आमच्याकडे बांधावरून फार भांडणं होतात. ते हसले नाहीत. म्हणाले, "मुद्दाम कुणी करत नाही. ट्रॅक्टर मोठा आणि पट्टा अरुंद. एखादं तास पलीकडे जातंच. पण दरवर्षी एक तास गेलं तर वीस वर्षांनी काय उरणार? म्हणून दरवर्षी बघायचं. वीस वर्षांनी बघितलं तर भांडण होणार."

मी विचारलं, आणि ज्याला दंड होतो त्याला राग नाही येत? म्हणाले, "येतो की. पण पुढच्या वर्षी तोच ज्युरीत असतो."

त्यांनी मला खुंटी जवळून दाखवली. साधं सोललेलं लाकूड, वरून कुऱ्हाडीनं सपाट केलेलं, घावानं कडा पिंजलेल्या. तिच्या एका अंगाला एकाचा गहू, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचा, दोन्हींची पाती बोटभर उंच. मधे वीतभर लाल माती होती आणि तिच्यावर कुणाच्या तरी बुटाचा ठसा.

घरी येताना मनात बरंच काही चाललं होतं. लॅक्स्टनचं उचलून इंदापूरला लावता येणार नाही, हे मला कळतं. तिथं मालक एक आणि बाकी कुळं, त्यामुळे बापाच्या पट्ट्याचे मुलांत तुकडे पडले नाहीत. आमच्याकडे प्रत्येक पिढीत वाटणी. हॅरल्ड मान नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी पिंपळे सौदागरची पाहणी करून १९१७ साली ती छापली. १५६ खातेदार आणि ७२९ तुकडे, त्यातले ४६३ एकराहूनही लहान. आता तिथं सोसायट्यांचे टॉवर उभे आहेत. तुकडे नकोत म्हणून १९४७ साली कायदा आला, आणि तो कागदावर असतानाच आमच्या आजोबांच्या बारा एकरांचे आधी तीन आणि मग सात भाग झाले. तेव्हा मी काही लॅक्स्टनचे गोडवे गात नाही. पण ती एक गोष्ट मनातून जात नाही, की वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून, चालत, हद्द बघायची. आमच्या भांडणात नकाशा होता, मोजणी होती, वकील होते, तारखा होत्या. आप्पा आणि नाना एकाच वेळी त्या बांधावर उभे राहिले, असं मात्र अकरा वर्षांत एकदाही झालं नाही. मोजणीच्या दिवशीसुद्धा एक जण विहिरीपाशी आणि दुसरा रस्त्यावर.

नाना चार वर्षांपूर्वी गेले. दावा त्याआधीच तडजोडीनं मिटला होता, बोलणं मात्र मिटलं नव्हतं. आप्पा मातीला गेले होते, कडेला उभे राहिले आणि न जेवता परत आले.

त्या रात्री मी त्यांना खुंटीचा फोटो पाठवला आणि फोन केला. सगळं सांगितलं. ज्युरी, दंड, पबमधलं कोर्ट. ते मधे बोलले नाहीत. मग म्हणाले, "ज्याची चूक त्याच्यादेखत ठोकली?"

"हो आप्पा. तो तिथंच होता."

"आणि ठोकली कुणी?"

"शेजाऱ्यांनीच."

बराच वेळ काही आवाज नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीन बघितला. मागं कुठंतरी मोटार चालू झाल्याचा आवाज आला, म्हणजे आमच्याकडे लाइट आली होती.

"गहू दाट पेरलाय त्यांनी," आप्पा म्हणाले. "थंडी कशी आहे तिकडं? फुटवे धरतील का?"